स्वस्तातला प्रवासी

सौंदर्य पाहण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद जुना आहे. सेमिनरीत इंग्रजी काव्य शिकताना वर्डस्वर्थ आम्हांला निसर्गाचा उपासक म्हणून भेटला. याच कवीने १८४४ मध्ये केंडल ते विंडरमिअर या नियोजित रेल्वेला वृत्तपत्रातून पत्रे लिहून विरोध केला होता, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. स्वस्त तिकिटांवर कामगारांच्या झुंडी सरोवरांकाठी येतील, ही त्याची धास्ती. निसर्गाची रुची सावकाश संस्कारानेच येते, असे त्याचे म्हणणे. मौज अशी, की त्या प्रदेशाची प्रवासमार्गदर्शिका त्यानेच लिहिली होती! आमंत्रण होते, ते सर्वांना नव्हते, इतकेच. १८४७ मध्ये रेल्वे सुरू झालीच.

आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हिप्पी मंडळी तेथे येऊ लागली. स्वस्त खोल्यांत राहिली, पैसे संपले तेव्हा जवळच्या चीजवस्तू विकू लागली. त्यातूनच हणजुण्याचा बुधवारचा बाजार उभा राहिला. त्यांच्या काटकसरीला पुष्कळांनी 'मुक्त जीवन' म्हटले. बसने येऊन रस्त्याकडेला भात शिजवणारे कष्टकरी कुटुंब मात्र उपद्रवी ठरते. २०१९ मध्ये गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्यास दोन हजार रुपये दंडाची तरतूद झाली.

कचरा, सांडपाणी, आगीचा धोका या तक्रारी खऱ्या आहेत. किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनी ते का सोसावे? परंतु घाण करणे हा दोष आहे. गरीब असणे हा दोष नव्हे. या दोहोंची गल्लत होऊ नये.

धर्मग्रामातील मंडळींसह आम्ही बसने जुन्या गोव्याला गेलो आहोत. टपावर पातेली, स्टोव्ह, तांदळाची गोणी. बुडणारी मजुरी प्रत्येकाने आधीच हिशेबात धरलेली. तेथे मांडवीच्या पाण्याकडे क्षणभर पाहून एका कोळीण मावशीने भरतीला किती अवकाश आहे ते सांगितले. तिला निसर्गाची रुची कोणी शिकवावी?

वाचकहो, पाठीवर पिशवी टाकून एकटा फिरणारा तेवढा खरा प्रवासी, असे आपण सहज मानतो. दंडाच्या पावतीबरोबर चूल मांडायला ओटा, पाण्याचा नळ आणि परवडणारी धर्मशाळाही मिळू द्या. मग शिस्तीची अपेक्षा अवश्य करावी.