रायगडाखाली उतरा की!

रविवार. विश्वास पाटलांच्या शिवरायांवरच्या ‘महासम्राट’चा ‘झंझावात’ हा पहिला खंड (२०२२) संपवला. लढाया झकास, पण माणसं सदा भाषणाच्या आवेशात. त्यांच्याच ‘पानिपत’मधली (१९८८) भूक आणि थंडी अजून अंगावर येते.

भाचीचं ‘हॅरी पॉटर आणि परीस’चं पुन्हा पारायण चालू. तिला अस्सल मराठी जादू हवीय. द्यायचं काय? नारायण धारपांच्या भयकथा तिच्या वयाला जड.

अहो, अशा गोष्टीसाठी आमच्या कोळीवाड्याजवळच शीवचा किल्ला आहे! सतराव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला. पलीकडे खाडी ओलांडली की तेव्हा पोर्तुगीजांची साष्टी. सरहद्द, चिखल, होड्या, एखादी आगाऊ कोळ्याची पोर. सगळा ऐवज तयार. लेखकमंडळी मात्र रायगडाखाली उतरायला राजी नाहीत.