छातीतली पिशवी काढल्यावर

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पांढऱ्या साड्यांना इस्त्री होते. २०२३ साली मात्र थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही विहारात जाऊन या, माझे डोके दुखते आहे." डोके दुखत नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. अडचण होती ती पांढऱ्या ब्लाउजची.

त्याआधी दोन महिने, ऐन कांदे काढणीच्या दिवसांत, नाशिकला त्यांच्या उजव्या छातीतली सिलिकॉनची पिशवी काढली होती. २०१६ साली कर्करोगामुळे तो स्तन काढावा लागला आणि त्याच शस्त्रक्रियेत ही पिशवी, म्हणजे इम्प्लान्ट, बसवले गेले. पुढे किरणोपचार झाले, ज्याला आपल्याकडे लाईट देणे म्हणतात. पिशवीभोवती शरीर स्वतःचे एक कवच तयार करते. लाईट दिलेल्या जागी ते कवच आवळून येण्याचा संभव जास्त असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. वर्षागणिक ती बाजू घट्ट होत वर सरकली. थंडीत हाताला दगडासारखी लागे. आश्रमशाळेत फळ्यावर लिहायला हात उचलला की ओढ बसे. शेवटी काढायचेच ठरले.

तेव्हा आम्ही एका डॉक्टरांना विचारले, "नंतर दिसेल कसे?" उत्तर आले, "या वयात दिसण्याचे काय घेऊन बसलात?" जाऊबाईंचे वय तेव्हा सेहेचाळीस होते. टाक्यांचे, गोळ्यांचे, बिलाचे सगळे सांगितले गेले, एवढे मात्र नाही. म्हणून आम्ही पाहिले तसे लिहीत आहोत. जाऊबाईंनी मजकूर वाचला आहे आणि "छापायला द्या" म्हटले आहे.

पहिले काही दिवस घट्ट पट्टी आणि काखेखालून निघालेली नळी. नळीच्या टोकाला बाटली, तिच्यात लालसर पाणी साचते. ते किती साचले हे रोज वहीत लिहायचे. कमी झाले की नळी निघते. कळवणला परतताना ती बाटली पदराआड धरून आम्ही आलो, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा तिघींनीही मोजला.

पट्टी सुटली तेव्हा छाती आम्हाला वाटली तेवढी खोल नव्हती. आम्हाला बरे वाटले. पण ती सूज होती. निळे-पिवळे डाग फिके झाले, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली, आणि मग खरा खळगा दिसला. जाऊबाई खऱ्या रडल्या त्या तेव्हा. शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे. वरची कातडी सैल, सुरकुतलेली, मधोमध बरगडीला चिकटलेली. काखेकडे कातडीची एक घडी उभी राहिली. पिशवी स्नायूच्या खाली होती, म्हणून हात रेटला की तिथली कातडी आत ओढली जाते. व्रण कित्येक महिने लाल आणि जाड होता. वर्षानंतर तो फिका पडला. काही ठिकाणी बोट लावले तरी आजही कळत नाही. सहा महिन्यांनी जे दिसत होते, साधारण तेच पुढे राहिले. त्याआधी आरशासमोर निकाल लावू नये, असे जाऊबाईंचे म्हणणे आहे.

एक गोष्ट आधी माहीत असती तर आम्ही मागितली असती. पिशवी काढतानाच जादा कातडी कापून छाती सपाट, नीटस शिवून घेता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० साली आपल्या शब्दसंग्रहात या पद्धतीला स्वतंत्र नाव दिले. ते शस्त्रक्रियेआधीच बोलून घ्यावे लागते. नंतरही करता येते, पण पुन्हा टेबलावर जाण्याची जाऊबाईंची तयारी नाही.

ज्या बायकांनी आजार नसताना, केवळ आकारासाठी पिशव्या बसवलेल्या असतात, त्यांचे वेगळे. त्यांचे स्वतःचे मांस आत असते. त्यामुळे छाती सपाट होत नाही, सैल पडते, खाली उतरते. किती, ते वयावर, कातडीवर आणि पिशवी केवढी होती त्यावर. अशा सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा १९६२ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये टिमी जीन लिंडसे या बाईंना बसवल्या. १९९२ साली तिथल्या सरकारी खात्याने त्यांवर बंधने आणली, २००६ साली पुन्हा परवानगी दिली. त्या जन्मभर पुरणाऱ्या नसतात, हे तेच खाते सांगते. पण काही त्रास नसताना नुसत्या भीतीने काढायला जावे असेही नाही. आणि काढल्यावर ती बाजू एकाएकी फुगली, तापली किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर पौर्णिमा असो की बाजाराचा दिवस, दवाखाना गाठावा.

आता ब्लाउजचे. आपला पदर डाव्या खांद्यावर. म्हणजे डावी बाजू झाकलेली, उजवी उघडी. डावीकडे असते तर निम्मी चिंता पदरानेच मिटवली असती! त्यात जाऊबाईंची सगळी ब्लाउजे कटोरीची. उजवी कटोरी आत बसे आणि पांढऱ्या कापडावर तिची प्रत्येक चुणी दिसे. आमच्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी कटोरी सोडून साधे टक्सचे ब्लाउज बेतले, आत जाड अस्तर लावले. बाजारात सिलिकॉनचे पॅड मिळतात, पण किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. कापसाचे केले, तर ते हलके असल्याने दुपारपर्यंत गळ्याशी येई.

मग सासूबाईंनी लहान बाळाला करतात तशी मोहरीची उशी केली, मऊ सुती कापडाची, हाताच्या तळव्याएवढी. जखम पूर्ण भरल्यावरच ती वापरायला घेतली. वजन असल्याने ती जागची हलत नाही आणि खांदाही एका बाजूला झुकत नाही. शाळेत जाऊबाई ती लावतात. घरी लावत नाहीत. ओट्यावर गाऊन घालून कांदे निवडत बसतात, कोणी आले तरी उठत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात आषाढ पौर्णिमेला त्या विहारात आल्या, त्या दिवशी लावली होती की नाही, हे आम्ही विचारले नाही.

मोहरीला पावसाळ्यात ओल धरते. महिन्या-दोन महिन्यांनी उशी उसवून दाणे उन्हात घालावे लागतात. ते काम सासूबाईंनी स्वतःकडे ठेवले आहे, आणि सुईत दोरा ओवायला मात्र आम्हाला हाका मारतात.