नकाराचं कारण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली होती. २०२२ची गोष्ट. मुलाखत चांगली झाली. मालकांनी पगाराची अपेक्षा विचारली, चहा मागवला, "आठवडाभरात फोन करतो" म्हणाले. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, झालं का काम?" मी म्हटलं, "होईल असं वाटतंय, आई." आठवडा उलटला, पंधरवडा उलटला. फोन वाजला की मी पिठाचे हात तसेच घेऊन धावायचे. पलीकडून कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारायचं.

मी बी.कॉम. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं सातपूरच्या एका फर्ममध्ये व्हॅटचं काम केलं. २३१चं विवरणपत्र, ७०४चा ऑडिट रिपोर्ट, त्याची जे-वन, जे-टू जोडपत्रं, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. १ जुलै २०१७ला व्हॅट जाऊन जीएसटी आला तेव्हा ती बालवाडीत होती आणि मी तिचे डबे भरत होते. ती तिसरीत गेल्यावर पुन्हा अर्ज करायला लागले.

फोन येईना, तेव्हा मीच काय काय कारणं काढत बसले. वय झालं असेल. इंग्रजीत अडखळले ते खटकलं असेल. लहान मूल आहे म्हणजे रजा घेणार, असं वाटलं असेल. कदाचित साडी नेसून जायला नको होतं. दुपारी घर सामसूम झालं की यातलं एकेक पुन्हा वर यायचं. मैत्रिणी म्हणायच्या, "अगं, पॉझिटिव्ह राहा." त्या मायेनंच सांगत होत्या, पण राहायचं कसं ते मला कळत नव्हतं.

शेवटी मीच फोन लावला. ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅम, ती जागा भरली." मी म्हटलं, "ठीक आहे. माझी काही तक्रार नाही, पण मी कुठे कमी पडले तेवढं सांगाल का? पुढच्या वेळी उपयोग होईल." ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मॅम, तुम्हाला टू-बीचं मॅचिंग येतं का असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, शिकेन. साहेबांना पहिल्या दिवसापासून ते करणारं कुणीतरी हवं होतं. बाकी तुमचं सगळं आवडलं होतं त्यांना."

त्या रात्री मी रडले. पण सकाळी उठले तेव्हा डोकं हलकं होतं. मी काढलेल्या कारणांपैकी एकही खरं नव्हतं. खरं कारण एका वाक्यात मावणारं होतं, आणि मुख्य म्हणजे ते शिकता येण्यासारखं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हार्डवेअरचं दुकान आहे. तिथल्या काकांना म्हटलं, "तुमची खरेदीची बिलं मला लावू द्या, पैसे नकोत." त्यांनी फाईल पुढे सरकवली. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी, म्हणजे जीएसटीआर-२बी हे खरेदीच्या बिलांचं पत्रक, तयार होतं. आपल्याकडची बिलं त्याच्याशी एकेक करून ताडायची. १ जानेवारी २०२२पासून नियमच असा आहे की बिल टू-बीमध्ये दिसलं तरच त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळतं. मी एका हाताचं बोट बिलावर आणि दुसऱ्या हाताचं स्क्रीनवर ठेवून खाली सरकत होते. तारीख, बिल नंबर, रक्कम, कर. प्लायवूडच्या एका बिलाशी थांबले. माल ४२,०००चा, त्यावर १८ टक्क्यांनी ७,५६० रुपये कर, आणि टू-बीमध्ये त्याचा पत्ताच नाही. इथल्याच द्वारका भागातल्या त्या व्यापाऱ्याला फोन केला. त्यांच्या माणसाने ते बिल मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच पार्टीवर चढवलं होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी दुरुस्ती केली आणि क्रेडिट मिळालं. काका गल्लीत सांगत सुटले, "वहिनींनी माझे साडेसात हजार वाचवले!" कारखान्याच्या नकाराने गेलेला माझा जीव त्या दिवशी परत आला.

मग हे काम दर महिन्याचं झालं आणि त्याबरोबर तारखा आल्या. ११ला विक्रीचं जीएसटीआर-१, १४ला टू-बी, २०ला कर भरायचं थ्री-बी. या तारखांनी मला जितकं सावरलं तितकं कुठल्याच उपदेशाने सावरलं नसतं. कुणाचं तरी काम माझ्यासाठी अडलेलं असायचं.

नकार पुढेही आले. सिन्नरच्या एका कंपनीने सांगितलं की रात्री आठपर्यंत थांबावं लागेल. ते मला जमणारं नव्हतं. तिथे माझ्यात काही कमी नव्हतं, आमची गाठच जुळणारी नव्हती. एवढं कळल्यावर तो नकार दोन दिवसांतच मागे पडला. सगळ्यात जड गेले ते ज्यांनी काहीच कळवलं नाही ते. त्यांतल्या काहींची कारणं मला आजही ठाऊक नाहीत, आणि दमलेली असले की मन अजून तिकडे जातं.

आता मी सिडकोतल्या एका कर सल्लागारांकडे अर्धवेळ काम करते. पूर्णवेळ नोकरीचा शोध चालू आहे. मुलाखतीला गेले की उठताना मी सांगते, "घेतलं नाहीत तरी चालेल, पण कारण कळवा." बहुतेक जण चमकतात, पण राग कुणी धरला नाही.

हे वाचणाऱ्यांत माणसं नेमणारेही असतील. तुमच्यासमोर बसलेला माणूस रजा काढून, इस्त्रीचे कपडे घालून, घरी सांगून आलेला असतो. त्याला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण नाही म्हणायचं असेल तर फोन करून म्हणा, आणि का ते सांगा. कारखान्याच्या ऑफिसातल्या त्या मुलीने मला जेमतेम दोन मिनिटं दिली होती.