सेल बदलूनही गिझर पेटेना

मुलुंडला डिसेंबरात थंडी पडते म्हटलं की दादरची नणंद हसते. पण पाठीशी नॅशनल पार्कचे डोंगर असल्यामुळे पहाटे आमच्याकडे गार पाण्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. ऐन अशा दिवसांत बाथरूममधल्या गॅस गिझरने संप पुकारला. नळ सोडला की पाणी यायचं, पण गारच.

शेजारच्या काकूंचं निदान ठरलेलं, "सेल बदल गं." बदलले. गिझर ढिम्म. काकांचं म्हणणं, पाइपच्या गॅसला जोरच नसतो, सिलिंडरची सर त्याला नाही. ते काही मला पटेना, कारण गिझर साधी ठिणगीसुद्धा टाकत नव्हता. एरवी नळ सोडला की आधी टकटक ऐकू येते, मग गॅसची झडप उघडून जाळ भपकतो. टकटकच नाही, तर गॅसला बोल लावण्यात काय अर्थ?

हा गिझर सुरू होतो तो पाण्याच्या जोरावर. आत एक रबरी पडदा असतो. पाणी वाहू लागलं की त्याच्या दाबाने तो पडदा पिन ढकलतो, पिन एक छोटा स्विच दाबते आणि मग सेल कामाला लागतात. पाण्यालाच जोर नसेल तर सेल सोन्याचे घातले तरी तेच.

आम्ही राहतो शेवटच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर म्हणजे पाण्याची चैन, असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, आणि आमच्या नळापासून टाकी जेमतेम तीन मीटर वर. तळमजल्याच्या नळाखाली बालदी बघता बघता भरते, आमच्याकडे ती भरेपर्यंत चहा टाकून होतो. तरीही इतकी वर्षं गिझर पेटत होता. मग आताच काय झालं?

प्लंबरने आल्या आल्या विचारलं, "ताई, टाकी कधी धुतली?" नुकतीच धुतली होती. त्याने गॅसचा कॉक बंद केला, पाणी बंद केलं आणि गिझरला पाणी येतं तिथला नट सोडवला. आत बोटाच्या पेराएवढी जाळी. तिच्यावर टाकी धुताना सुटून आलेला तांबूस गाळ, गंजाचे कपचे आणि टेफ्लॉन टेपची गुंडाळी. जुन्या टूथब्रशने घासून जाळी परत बसवली, शॉवर काढून पाणी थेट बालदीत सोडलं. टकटक, भप्प! शॉवर परत लावला तर पुन्हा गप्प. त्याच्या भोकांतही तोच गाळ होता. सुईने एकेक भोक मोकळं केलं, तेव्हा जमलं.

मला वाटलं, संपलं काम. प्लंबर मात्र खिडकीकडे बघत होता. वारा झोंबतो म्हणून सासूबाईंनी काचेच्या पट्ट्यांवर प्लास्टिक लावलं होतं. "आई, हे आधी काढा," तो म्हणाला. बंद जागेत हवा कमी पडली की जळणातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. 2020 च्या जानेवारीत बोरिवलीत अंघोळीला गेलेली शाळकरी मुलगी बेशुद्ध पडून पुढे दगावली, तेव्हाही गॅस गिझरचीच चर्चा झाली होती. टीचभर बाथरूममध्ये ही उपकरणं बसवूच कशी देतात, हे मला अजून कळत नाही.

प्लास्टिक त्याच दिवशी निघालं. पुढे पाइप वाढवून गिझर बाल्कनीत हलवला. आता गरम पाणी यायला जरा वेळ लागतो, त्यावर सासूबाईंची रोज कुरकुर असते. त्यांना मी टाकीच्या सफाईची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणजे जाळी कधी काढायची ते कळेल. ते काम त्या चोख करतात.