गुप्तदान

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या गावात आठ-पंधरा दिवस दुसरीच मोजणी चालते. कोणत्या वॉर्डानं कुणाला दिलं, कोणत्या गल्लीनं दगा दिला, कोणत्या समाजाची मतं कुठं वळली. दुकानाच्या ओट्यावर, स्थानकाबाहेर चपला घालता घालता, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे तेच. आणि या मोजणीत एक वाक्य हमखास येतं, "यावेळी बायांनी घोळ केला." आवडता पक्ष हरला तर बायांमुळे. नावडता जिंकला तरी बायांमुळेच.

आता नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्राचा निकाल लागला आणि हे वाक्य पुन्हा ऐकू आलं. आम्ही राहतो मध्य प्रदेशात, पण बालाघाटहून गोंदिया किती लांब? सकाळी निघालेली बाई दुपारच्या जेवणाला माहेरी पोचते. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूरच होती. नंतर राज्याची रेघ मध्ये आली, सोयरीक काही थांबली नाही. माझी धाकटी बहीण गोंदियालाच दिलेली. तिच्याकडे 'लाडकी बहीण', आमच्याकडे तिच्याआधी वर्षभर 'लाडली बहना'. तेव्हा तिकडे दीड हजार, इकडे साडेबाराशे होते. निकालाच्या संध्याकाळी तिचा फोन आला, "ताई, आमच्याकडेही आता तेच सुरू झालं गं. सगळे म्हणतात बायकांनी मतं विकली."

मी तिला जे फोनवर सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे जून २०२३ मध्ये पहिला हप्ता आला, हजार रुपयांचा. ऑक्टोबरपासून त्याचे साडेबाराशे झाले आणि १७ नोव्हेंबरला मतदान होतं. भाऊबीज नुकतीच झाली होती. मुहूर्त कुणी आणि कशासाठी काढला हे कळायला पंचांग लागत नाही. राज्यातल्या सव्वा कोटीहून जास्त बायकांच्या खात्यात ते पैसे गेले. माझ्या खात्यात नाही, कारण आमचं घर आयकर भरतं. तेव्हा मी बोलते ते माझ्या फायद्याचं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या व्यापारी घरांमध्ये या पैशाला 'रेवडी' म्हणतात. करात सूट मिळाली, कर्जाचं व्याज माफ झालं, तर त्याला मात्र धोरण म्हणतात. मी एकदा जेवताना हे बोलून दाखवलं. आमचे हे म्हणाले, "तुला हिशेब कळत नाही." आता कला शाखेची पदवी घेतलेल्या बाईला हिशेब कळत नसेल, पण तीस वर्षं घरखर्चाची वही मीच लिहिते आहे. साडेबाराशेत काय येतं ते मला कुणी सांगायला नको. एक सिलेंडर येतो, वर मुलीच्या शिकवणीची अर्धी फी निघते.

आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई त्या पैशाचं काय करते ते मी पाहिलं आहे. दहा तारखेच्या आसपास ती बँकेत जाते, पण सगळे पैसे काढत नाही. नवरा विचारतो तेव्हा "अजून आलेच नाही" म्हणून सांगते. पंधरा वर्षांच्या संसारात तिच्याजवळ पहिल्यांदा असा पैसा आला, जो कुणाच्या हातून आला नाही. निकालानंतर मी तिला सहज विचारलं, "काय गं, तू कुणाला दिलंस?" ती हसली. नळ बंद करून म्हणाली, "तुमी सांगतलं का मले, बाई?"

मला तिचं फार कौतुक वाटलं. पैसे घेऊनही तिनं मत स्वतःजवळ ठेवलं होतं. विकलेली वस्तू अशी झाकून ठेवतात का?

पण या योजनेच्या नावाबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती दोन्ही राज्यांबद्दल आहे. बहीण म्हटलं की देणारा भाऊ होतो. भावानं ओवाळणी घातली की बहिणीनं किती घातली ते मोजायचं नसतं आणि पुढच्या वर्षी कमी पडली तर बोलायचं नसतं. सरकारशी माझं असं नातं नाही. रस्ता, दवाखाना, शाळेतले मास्तर हे मला कुणी ताटात घालून देऊ नये. त्याचा हिशेब मागता आला पाहिजे, आणि लाडक्या बहिणीला हिशेब मागणं शोभत नाही, अशीच तर आपल्याला शिकवण आहे.

बाईनं नात्यानं ओळखलं जावं ही सवय जुनी आहे. देशाची पहिली निवडणूक १९५१-५२ ची. मतदार यादी करायला माणसं दारोदार गेली, तेव्हा लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहून दिलं. परक्या माणसाला नाव कसं सांगायचं? सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. त्यांनी ठरवलं की नाव नाही तर मतही नाही, आणि सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून काढली गेली. उत्तरेकडच्या राज्यांतल्या बायका त्यात जास्त होत्या. लोकांनी टीका केली, पण ते हटले नाहीत. मला ते वाचून आधी राग आला होता. मग वाटलं, त्या माणसानं बरंच केलं. पुढच्या वेळी त्या बायकांनी नावं सांगितली असतील. नवऱ्याच्या नावाआडून मत देता येत नाही हे कधीतरी ठणकावून सांगायलाच हवं होतं.

यादीत नाव आलं, तरी मत वेगळं असू शकतं हे घराला पटायला किती काळ लागतो, त्याचा नमुना आमच्या बालाघाटनं साऱ्या देशाला दाखवला. वर्तमानपत्रांत आलेलीच गोष्ट आहे. २०२३ मध्ये इथून काँग्रेसच्या अनुभा मुंजारे आमदार झाल्या, मंत्री असलेल्या गौरीशंकर बिसेन यांना हरवून. चार-पाच महिन्यांनी लोकसभा आली. त्यांचे पती कंकर मुंजारे, जे १९८९ मध्ये इथले खासदार होते, ते बसपच्या तिकिटावर उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की दोन पक्षांची माणसं एका छताखाली राहिली तर लोकांना संगनमत वाटेल, म्हणून मतदान होईपर्यंत वेगळं राहावं. बायकोनं घर सोडायला नकार दिला. तेव्हा ते स्वतःच घर सोडून झोपडीत राहायला गेले. विधानसभेच्या वेळीही दोघं वेगवेगळ्या पक्षांकडून उभे होते, ते परसवाड्यातून आणि त्या बालाघाटमधून, आणि तेव्हा एकाच घरात राहत होते, ही आठवण बाईंनी करून दिली. १९ एप्रिलला मतदान झालं आणि निवडून आल्या तिसऱ्याच, भाजपच्या भारती पारधी, बालाघाटच्या पहिल्या महिला खासदार.

गावात यावर खूप हसले लोक. मला हसू आलं नाही. निदान त्या घरात दोन मतं आहेत हे दोघांनाही मान्य तर होतं. आमच्यासारख्या घरांत तेवढंही नसतं. आपण व्याख्यानात अनेकांतवाद ऐकतो. हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट पाठशाळेतल्या मुलांना तोंडपाठ असते. सत्याला अनेक बाजू असतात म्हणतो, आणि घरी आलो की सगळ्यांनी एकाच बटणावर बोट ठेवायचं.

आमच्या घरी सहा मतं. सासूबाई, हे, मी, मुलगा, भाऊजी आणि जाऊबाई. २०२३ च्या मतदानाआधी समाजातल्या काही मंडळींची बैठक झाली. बायकांना बोलावणं नव्हतं. चहा मात्र आम्हीच केला. बैठकीत एका उमेदवाराचं नाव ठरलं आणि आमच्या घरातून शब्द गेला, "आमची सहाची सहा." तो शब्द माझ्या मताचाही होता, आणि मी तेव्हा आत दूध उतू जाऊ नये म्हणून उभी होते.

मत गुप्त असतं म्हणतात, पण अर्धंच. पूर्वी कागदाच्या मतपत्रिका मोजण्याआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या एकत्र मिसळता यायच्या. आता यंत्र आलं आणि एकेका केंद्राचा आकडा वेगळा बाहेर पडू लागला. केंद्र म्हणजे हजार-बाराशे मतं, म्हणजे आमच्या चार-पाच गल्ल्या. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दिसेल असं जोडयंत्र वापरावं, असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं होतं. कायदा आयोगानंही २०१५ च्या अहवालात तीच शिफारस केली. सरकारनं ती मानली नाही. पक्षांना गल्लीगल्लीचा आकडा हवा असतो, दुसरं काय. तर निकालानंतर आमच्या केंद्राचा कागद घरी आला. भाऊजींनी चष्मा लावून आकडे मांडले. समाजाची घरं इतकी, मतं इतकी, आणि मिळाली त्यापेक्षा वीस-पंचवीस कमी.

"वहिनी, खरं सांगा," भाऊजी म्हणाले. "तुम्ही तर नाही?"

मी म्हणाले, "सांगणार नाही."

"म्हणजे तुम्हीच."

"असं मी म्हटलं नाही. कुणालाही दिलं असलं तरी सांगणार नाही."

हे रागावले. बाहेर शब्द दिला होता ना. दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताआधी सगळे जेवायला बसलेले असताना पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा सासूबाई बोलल्या. वय बयांशी, ऐकू कमी येतं, पण हवं ते बरोबर येतं. म्हणाल्या, "अरे, त्याला मतदान म्हणतात ना? मंदिराच्या पेटीत कुणी काय टाकलं ते तू विचारतोस का? गुप्तदान ते." आणि जरा थांबून, "तिला विचारतोस, मग मलाही विचार की."

कुणी विचारलं नाही. जाऊबाईंनी पोळी वाढायच्या निमित्तानं मान खाली घातली. त्या वीस-पंचवीसांत आमच्या घरची किती होती, ते आजतागायत आमच्यापैकी कुणाला माहीत नाही.

समाजात मी हे बोलते तेव्हा एक उत्तर ठरलेलं असतं. आपण मूठभर, एकगठ्ठा राहिलो तरच कुणी विचारील. २०११ च्या जनगणनेत आपण ४५ लाखांच्याही आत होतो, देशाच्या अर्धा टक्काही नाही. भीती मला समजते. पण याच बालाघाटनं १९७७ मध्ये कचरूलाल जैन यांना लोकसभेत पाठवलं होतं, तेही रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर. ते काही जैनांच्या गठ्ठ्यावर निवडून आले नसतील. इतकी मतं आपल्याकडे तेव्हाही नव्हती, आजही नाहीत.

आणि गठ्ठा बांधून आपण मागतो काय? मिरवणुकीचा रस्ता, पर्युषणात कत्तलखाना बंद, एखादा भूखंड. मागावं, माझी ना नाही. पण त्याच जनगणनेतला एक आकडा बैठकीत कुणी काढत नाही. सहा वर्षांच्या आतल्या जैन मुलग्यांमागे मुली किती? हजारामागे ८८९. देशाची सरासरी नऊशेच्या वर. मुंगी चिरडू नये म्हणून आपण जमीन पाहून चालतो, पाणी गाळून पितो, आणि मुली कमी. दुसरीकडे आमचा हा बालाघाट जिल्हा, गोंड-बैगांचा, पोवारांचा, धानाच्या शेतीचा. इथं हजार पुरुषांमागे १०२१ बायका, साऱ्या मध्य प्रदेशात सर्वांत जास्त. माझ्या घरातले म्हणतात, पुरुष कामाला नागपूरला जातात म्हणून असेल. असेल तेही. सगळ्या वयांचा आकडा आणि लहान मुलांचा आकडा एका मापात मोजू नये, एवढं मलाही कळतं. पण कुणाकडून काय शिकायचं याचा विचार करायला काय हरकत आहे? ज्यांना आपण मागासलेले म्हणतो त्यांच्या घरात मुलगी जन्मली की कुणी डॉक्टरची चिठ्ठी दडवत नाही.

बैहर, लांजी, परसवाड्यात २०२३ मध्ये नक्षल्यांच्या भीतीनं मतदान तीन वाजताच संपवलं होतं. तिथल्या बायका पहाटे रांधून, पोर कडेवर घेऊन, जंगलातून चालत केंद्रावर जातात. त्यांच्या मताला 'घोळ' म्हणणाऱ्यानं एकदा ती वाट चालून पाहावी. आमचं मतदान केंद्र घरापासून दोनशे पावलांवर, तरी आमच्यातल्या कितीजणी "हे गाडी काढतील तेव्हा जाऊ" म्हणून बसून असतात.

गेल्या महिन्यात माझ्या मुलाचं लग्न झालं. सून सिवनीची, वाणिज्य पदवीधर. परवा भाऊजी तिला म्हणाले, "बेटा, तुझं नाव इकडच्या यादीत आणून घे. घरचं एक मत वाढेल." ती "हो काकाजी" म्हणाली आणि रात्री फॉर्म घेऊन माझ्याजवळ बसली. त्यात नातेवाइकाचं नाव विचारतात, वडिलांचं लिहू की यांचं, असा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, "दोन्ही चालतं. तुला वाटेल ते लिही." तिनं थोडा वेळ पेन हातात फिरवलं, मग वडिलांचं नाव लिहिलं. फोटो लग्नाआधीचाच होता, तोच चिकटवला. मग हळूच विचारलं, "आई, इथं सगळ्यांना एकालाच द्यावं लागतं का?"

मी तिला आजींच्या खोलीत पाठवलं. दार लोटलेलं होतं, आतून दोघींचं हसणं ऐकू आलं.