पळसाला पानं तीनच, शुक्रियालाही तीनच

इंग्रजीच्या धड्यात ‘ऑटम’ आला की मला वर्गात तीन भाषांशी एकदम झगडावं लागतं. मराठी शब्दकोश म्हणतो शरद. उर्दू म्हणते खिजां. आणि मुलं खिडकीबाहेर बघतात तेव्हा ऑक्टोबरात सगळी झाडं हिरवीगार असतात, शेतात धान कापणीला आलेलं असतं. आमच्याकडे शरद म्हणजे कोजागरीचं चांदणं. त्यात पान गळत नाही. खिजां म्हणावी तर ती शायरीतली, विरहाची, उदास. कारध्याची पानगळ येते ती संक्रांत उलटल्यावर, माघ-फाल्गुनात, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर.

हे शब्दांचं दुखणं काढायला कारण आहे. गेली चार वर्षं मी सातवीच्या मुलांकडून शुक्रियाची कार्डं करून घेते. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच. मार्चनंतर ही मुलं पांगतात. कुणी भंडाऱ्याच्या शाळेत जातं, कुणी दुसऱ्या गावी, आणि काही जणी कुठेच जात नाहीत. जाण्याआधी प्रत्येकाने एका माणसाला हाताने केलेलं कार्ड द्यायचं, एवढाच उपक्रम.

पहिल्या वर्षी मुलांनी मोबाइलवर शोधून मेपलचं लाल पान काढलं. पाच टोकांचं, सुबक. वर्गातल्या एकानेही ते झाड पाहिलेलं नव्हतं. त्या चित्रामागचं गणित मी त्यांना सांगितलं. अमेरिकेत पीक घरात येतं आणि झाडांची पानं लाल-पिवळी होतात ती साधारण एकाच काळात. त्याच सुमाराला तिथे थँक्सगिव्हिंगचा सण असतो, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. अब्राहम लिंकन यांनी 1863 मध्ये तो देशभर पाळायचं जाहीर केलं. त्यामुळे तिकडच्या आभाराच्या कार्डावर लाल पान शोभतं. आपला भंडारा धानाचा जिल्हा. आपलं पीक दिवाळीच्या आसपास कापलं जातं आणि पानं गळतात त्यानंतर तीन महिन्यांनी. मग आपल्या कार्डावर कोणतं पान?

मुलांना म्हटलं, उद्या येताना तुमच्या अंगणात जे पडलं असेल ते आणा.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पसारा झाला. सागाची सुपाएवढी पानं, पळसाची, मोहाची, पिंपळाची, बांबूची, एकाने तर कडुनिंबाची अख्खी डहाळी आणली. आपल्या या भागाला झाडीपट्टी उगाच म्हणत नाहीत. त्या पसाऱ्यात हिरव्या रंगाची गरजच नव्हती. तपकिरीच्याच पंधरा छटा होत्या.

एका मुलीने विचारलं, आपली पानं तशी लाल का होत नाहीत? चांगला प्रश्न होता. थंड देशात हिवाळ्याआधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, खाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि काही झाडं त्याच वेळी लाल रंगद्रव्य तयार करतात. आपल्याकडची झाडं पानं टाकतात ती मुख्यतः पाणी वाचवायला. पाऊस संपून महिने झालेले असतात, पानांतून पाण्याची वाफ होत राहते, म्हणून झाड पानंच सोडून देतं. लाल रंग आपल्याकडेही आहे, पण तो कोवळ्या पानांत. फाल्गुन-चैत्रात कोशिंबाचं झाड बघा, ज्याला कुणी कुसुम म्हणतं. नवी पालवी लालभडक असते. पिंपळाची आणि मोहाचीही तांबूस असते. तिकडे पान जाताना लाल होतं, इथे येताना. हे सांगितल्यावर मुलांनी मेपल सोडला तो सोडलाच.

आता कृती सांगते, कारण दोन-तीन शिक्षिकांनी विचारली आहे. पान पूर्ण वाळून कुरकुरीत झालेलं नको, तुटतं. नुकतंच गळलेलं, थोडं लवचीक असलेलं घ्यायचं. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर धानाचं पोतं किंवा जाड पुस्तकांचा ढीग. दोन दिवसांनी कागद बदलायचा, नाहीतर बुरशी धरते. आठ-दहा दिवसांत पान सपाट होतं. कार्डाला नवा कागद आणायचा नाही. लग्नपत्रिकांचा जाड कागद घरोघरी पडून असतो, त्याची कोरी बाजू वर करायची. पान फेव्हिकॉलने चिकटवायचं आणि त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक पातळ हात द्यायचा, म्हणजे पान उलत नाही. सागाचं पान मोठं, त्याचा तुकडा कापून घ्यायचा, शिरा तिरप्या येतील असा. रंगासाठी पळसाची फुलं. याच दिवसांत ती झाडाखाली सडा घालतात. पाण्यात उकळली की केशरी-पिवळं पाणी मिळतं. होळीला वापरतात तेच.

पिंपळाला वेळ लागतो. पानं बादलीत तीन-चार आठवडे भिजत ठेवायची, मधून मधून पाणी बदलायचं. वास येतो, तो सोसायचा. मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासलं की गर निघून जातो आणि नुसती जाळी उरते. माझ्या पिढीतल्या प्रत्येकाच्या वहीत असं एक पिंपळपान असायचं.

आमच्या घरी त्याच वयात आणखी एक गोष्ट व्हायची, ईद कार्ड. नव्वदच्या दशकात रमजानच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात चमकी लावलेली कार्डं टांगलेली असायची. विकत घ्यायला पैसे नसले की आम्ही बहिणी घरी करायचो. चंद्र आणि मिनार सगळ्यांना काढता यायचे. आत एक शेर लिहायचा, आणि तो मनासारखा सापडेपर्यंत कार्ड अडून राहायचं. नागपूरच्या खालाजानला ते टपालाने जायचं. मोबाइल आला आणि हे सगळं एका फॉरवर्डमध्ये मावलं. अलीकडे रमजान सरकत सरकत पानगळीत आला आहे, चांद्र वर्ष दर साली दहा-अकरा दिवस मागे येतं म्हणून. रोजे धरून पानं वेचणारी मुलं बघितली की मला ती चमकी आठवते.

पान हातात देऊन मनातलं बोलायची रीत या मातीला नवी नाहीच. दसऱ्याला शेजारचे काका दारात येतात, आपट्याचं पान अब्बूंच्या हातात ठेवतात, ‘सोनं घ्या’ म्हणतात. अब्बू ते पान रात्री टाकून देत नसत, टेबलाच्या कप्प्यात ठेवत. पोळ्याला बैल सजवून दारोदार नेतात, तोही शुक्रियाच. वर्षभर राबलेल्या जनावराचा.

माणसांच्या बाबतीत मात्र आपली जीभ अडते. मराठीत आभार मानले जातात ते बहुधा मंचावर. आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. घरात अम्मीला शुक्रिया म्हटलं तर ती विचारेल, आज काय झालं तुला? ‘मेहरबानी’ हा शब्द तर भांडणातच जास्त ऐकू येतो. माणसांचे उपकार न मानणारा अल्लाहचेही मानत नाही, या अर्थाची हदीस आम्ही लहानपणी पाठ केली. ती रोजच्या बोलण्यात उतरवणं राहून गेलं.

म्हणून कार्डात नुसतं ‘धन्यवाद’ लिहायला मी मनाई केली. पळसाला पानं तीनच, तशी कार्डात वाक्यंही तीनच. तुम्ही कोण आहात. तुम्ही नेमकं काय केलंत. त्यामुळे माझं काय झालं. भाषा उर्दू असो की मराठी, वाचणाऱ्याला जी वाचता येते ती. कार्ड हातात द्यायचं, कुणाबरोबर पाठवायचं नाही.

हे तिसरं वाक्य मुलांना सर्वांत जड जातं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना एकाने लिहिलं: तुम्ही मला दुसऱ्यांदा वाढताना कधी विचारलं नाही की घरी जेवला नाहीस का. मावशींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पदराला हात पुसून पुन्हा एकदा वाचायला लावलं.

यंदा एका मुलाने पुरावर लिहिलं. कारधा हे नाव बाहेरच्यांना पावसाळ्यात तेवढं कळतं. आमच्या पुलाजवळ वैनगंगेची पातळी मोजतात आणि ती बातम्यांत येते. 2020 च्या ऑगस्टच्या अखेरीस नदीला महापूर आला, भंडारा शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरलं. हा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्यांचं कुटुंब उंचावरच्या एका ढिवर कुटुंबाच्या घरी चार रात्री राहिलं. त्याने लिहिलं: तुम्ही नदीवर जाळं टाकणारे काका आहात. तुमच्या आजीने माझं अंथरूण भिंतीकडे घातलं, मला पाणी दिसू नये म्हणून. त्यानंतर मला भीती वाटली नाही. त्याची आई मला म्हणाली, इतकी वर्षं त्यांच्याकडे जायचं मनात होतं, पण रिकाम्या हाताने कसं जायचं? पळसाच्या पानाचं एक कार्ड घेऊन मायलेक गेले. तिकडून येताना मुलाच्या हातात सुकटीची पिशवी होती.

पण मला अडवलं ते एका मुलीच्या कार्डाने. तिने ते वडिलांसाठी केलं होतं. मोहाचं पान, खाली सुंदर नस्तालीकमध्ये तीन ओळी. तुम्ही माझे अब्बू आहात. तुम्ही मला आठवीत पाठवलंत. त्यामुळे मी पुढे शिकले.

फेब्रुवारी चालू होता. आठवीचं काहीच ठरलेलं नव्हतं. उलट घरात नकाराची भाषा सुरू होती, नदीपलीकडे एकटी कशी जाईल म्हणून. जे झालंच नाही त्याचा शुक्रिया तिने आधीच लिहून ठेवला होता.

मला ते कार्ड पटेना. तिला बाजूला घेऊन म्हटलं, बेटा, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. 2009 चा कायदा आहे. हक्काच्या गोष्टीसाठी हात जोडायचे नसतात. ती शांतपणे म्हणाली, “टीचर, हक है तो मालूम है. पर अब्बू हक सुनके चिढते हैं, शुक्रिया सुनके चुप होते हैं.”

यावर माझ्या बीएडच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं. दोन रात्री मी विचार केला. एक मन म्हणत होतं, मुलींनी हक्क गोड बोलून मिळवावा हेच तर आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. दुसरं म्हणत होतं, बारा वर्षांची मुलगी आपल्या बापाला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, आणि रोज त्या घरात राहायचं तिला आहे, मला नाही. शेवटी मी तिच्या एका ओळीतली शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि कार्ड तिला परत दिलं.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते. कार्डाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत असतो म्हणतात, त्यासाठी कागद कोणते लागतात, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं आणि बोनाफाइडचा अर्ज तिथेच लिहून दिला. याचं सगळं श्रेय मी मोहाच्या एका पानाला देणार नाही. तिची फुफी वर्षभर भावाच्या मागे लागली होती हे मला माहीत आहे. पण त्यांनी खिशातून पाकीट काढलं तेव्हा आत दुमडलेल्या लग्नपत्रिकेच्या कागदाची कड दिसली.

त्या मुलीचं म्हणणं बरोबर की माझं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हक्क शिकवणं मी सोडणार नाही. पण शुक्रिया म्हणजे लाचारी, असं मी आता म्हणत नाही. नेमकं काम आणि नेमकं नाव घेऊन म्हटलेला शुक्रिया समोरच्या माणसाला त्याच्या चांगुलपणाशी बांधून ठेवतो. तो शब्द हातात पडला की माणसाला त्याच्याखाली येणं अवघड जातं.

तुम्ही शिकवत असाल, किंवा घरात मुलं असतील, तर संक्रांतीनंतर एक जुनं वर्तमानपत्र बाजूला काढून ठेवा. पिंपळाची जाळी हवी असेल तर त्याआधीच पानं भिजत घाला. झाड कोणतं, याने काही अडत नाही. मुंबईच्या सोसायटीत बदामाचं झाड असतं, त्याची पानं गळण्याआधी खरोखर लाल होतात. फक्त ती तीन वाक्यं टाळू नका. आणि कार्ड स्वतः नेऊन द्या, समोरचा माणूस कितीही जवळ राहत असला तरी.