तो स्लॉट माझा नव्हता

मे २०२१ चा पहिला आठवडा. १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस सुरू झाली होती, पण कोविनवर स्लॉट मिळाल्याशिवाय सुई नाही. स्लॉट उघडायचे आणि बघता बघता संपायचे. मी घरच्या वायफायवर ठाण मांडून बसलो. ओटीपी आला, टाकला, जमलं. केंद्र मिळालं तीस किलोमीटरवरच्या खेड्यात.

तिथं गेलो तर रांगेत बहुतेक आमच्याच शहरातले. गावातली पोरं पारावर बसून आमच्या गाड्या बघत होती. एकानं विचारलं, "भाऊ, लस आमच्या गावात आली अन् आम्हालाच नाही, असं कसं?" मी काहीच बोललो नाही. लस घेतली, घरी आलो आणि बातमी दिली : 'लसीकरणाला तरुणांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. ती बातमी आजही खुपते.

मे संपता संपता सर्वोच्च न्यायालयानंही हाच प्रश्न विचारला : ज्याच्याकडं स्मार्टफोन नाही, त्यानं काय करायचं? पुढं केंद्रावरच नोंदणी सगळ्यांना खुली झाली. नोव्हेंबरात 'हर घर दस्तक' आलं आणि आशाताई वही घेऊन दारोदार फिरल्या. कोण घाबरतंय, कोण शेतावर असतं, हे त्यांना पाठ होतं. कोविन वाईट नव्हतं. दुसऱ्या डोसची तारीख, प्रमाणपत्र सगळं त्यानं नीट सांभाळलं. पण ॲप नोंद ठेवतं, माणसाला केंद्रापर्यंत आणत नाही.

हे आज आठवायचं कारण म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या बाळाचे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस नेमके आईबाप फडात असताना येतात. आता यू-विन आहे. बाळाची नोंद असेल तर देशात कुठंही पुढचा डोस घेता येतो. सोय चांगलीच आहे. पण कारखान्याजवळच्या कोपीत तान्हं बाळ आहे, हे यू-विनला कोण सांगणार?

आपणच. शिवारात टोळी उतरली की गावातल्या आशाताईंना एक फोन करा. मुकादमाला विचारा, लहान लेकरं किती, कार्डं सोबत आणलीत का. आणि ग्रामसभेत एवढा तरी विषय काढा, की आशाताईंच्या मोबाईलचा रिचार्ज कोण भरतं?

मी या हंगामात कोप्यांवर जाणार आहे. या वेळी बातमी रांगेत नसलेल्यांची असेल.